कवाईचा सरकारी समुद्र : आई, चिकू आणि सहा दिवस

दिवस पहिला, रविवार

लिहुएच्या विमानतळाबाहेर आमच्या स्वागताला कोंबडा उभा होता. एक नव्हे, पाच-सहा. गाड्या भाड्याने मिळतात तिथल्या रांगेत माणसांच्या पायांमधून ते असे फिरत होते, जणू तपासणीला आलेत. आमचा मुलगा चिकू हरखला. आई म्हणाली, "एवढे साडेपाच तास विमानात बसून आले ते काय कोंबड्या बघायला?"

आई उरणची. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलेली आणि तिथल्या थंड समुद्रावर रुसलेली. "पाय बुडवता येत नाहीत तो कसला दर्या," हे तिचं मत. म्हणून कवाई. हवाई बेटांमधलं हे उत्तरेकडचं बेट. शेजारचं नीहाऊ धरून याची एक काउंटी होते आणि त्या काउंटीची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आत. म्हणजे आपल्याकडची एखादी मध्यम नगरपालिका. पण या नगरपालिकेच्या ताब्यात बेटाच्या चारी बाजूंना समुद्रकिनारी उद्यानं आहेत. 'बीच पार्क' म्हणतात त्यांना. जायला पैसे नाहीत. आम्ही हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा नाद सोडून कपाआ गावात साधी खोली घेतली आणि रोज एक सरकारी समुद्र बघायचा असं ठरवलं.

संध्याकाळी पहिला नंबर लिडगेटचा, वैलुआ नदीच्या मुखाजवळ. इथे समुद्रात काळ्या दगडांची भिंत रचून दोन तळी केली आहेत, १९६४ साली. मोठं तळं पोहणाऱ्यांचं, छोटं 'केइकी' म्हणजे पोरांचं. लाट बाहेर भिंतीवर आपटते, फुटते, आणि आत येतं ते दगडांच्या फटींमधून गाळून आलेलं शहाणं पाणी. त्या पाण्याबरोबर मासेही येतात. चिकू गुडघाभर पाण्यात गॉगल लावून पालथा पडला तो अर्धा तास वर आला नाही. दर दोन मिनिटांनी नुसता हात वर करून बोटांनी आकडा दाखवायचा : तीन मासे, पाच मासे.

आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून छोट्या तळ्याच्या कडेच्या दगडावर बसली, पाय पाण्यात. सत्तरीची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. उघड्या समुद्रावर मी तिला पाण्याजवळ जाऊ दिलं नसतं. पहिला अर्धा तास ती काहीच बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

मागे मोठ्या पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी उघड्या मंडपात, कुणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस चालला होता. हवाईत तो लग्नाइतका दणक्यात करतात. काउंटीकडून परवाना काढायचा आणि मंडप आपला. अॅल्युमिनियमच्या पराती, फुगे, शंभरेक माणसं, आणि कोपऱ्यात पत्त्यांचा डाव मांडून बसलेले म्हातारे. आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाळ कुठंय गं?" बाळ एका मावशीच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

दिवस दुसरा, सोमवार

श्रावणी सोमवार. आईने इथलं देऊळ आधीच शोधून ठेवलं होतं. वैलुआच्या रानात एक शैव मठ आहे, १९७० साली स्थापन झालेला. तिथलं पांढऱ्या ग्रॅनाइटचं देऊळ बंगळुरूजवळ छिन्नी-हातोडीने घडवून जहाजाने इथे आणलं आणि जोडलं. स्फटिकाचं शिवलिंग सातशे पौंडांचं. दर्शन झालं, आई खूश, आम्ही सकाळीच मोकळे.

मग कपाआपासून सायकली. किनाऱ्यालगत सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी सिमेंटचा रस्ता आहे. त्याचं नाव 'के आला हेले माकालाए', अर्थ साधारण 'किनाऱ्याने जाणारी वाट'. काही भाग जुन्या ऊसवाहतुकीच्या मार्गावरून जातो. आईला बाकावर बसवून आम्ही केआलियापर्यंत जाऊन आलो. मध्ये मध्ये छपराखाली टेबलं, पिण्याच्या पाण्याचे नळ. केआलियाला लाटा एवढ्या की पाण्यात फक्त फळीवाली पोरं. किनाऱ्यावरच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं, मथितार्थ असा की शंका असेल तर उतरू नका. आम्हाला शंका नव्हती, खात्री होती. उतरलो नाही.

परत आलो तर आई बाकावर पाय वर घेऊन बसलेली आणि समोर दोन कोंबडे. उपासाचा राजगिऱ्याचा लाडू एकाने चक्क हातातून पळवला होता. "मी ओरडले तर तोच माझ्यावर ओरडला," आई म्हणाली. या कोंबड्यांचं गावकरी असं सांगतात की १९८२ चं इवा आणि १९९२ चं इनिकी, या दोन चक्रीवादळांत खुराडी उडाली आणि पाळीव कोंबड्या रानात पसरल्या. त्यांना खाणारं मुंगूस या बेटावर रुजलं नाही, म्हणून यांचं राज्य.

पावणेबाराला एकदम भोंगा वाजला. लांबलचक, अंगावर येणारा. मी दचकले, नवरा मोबाइल बघायला लागला, आई शांत. "गिरणीचा असेल." तो त्सुनामीच्या भोंग्याचा सराव होता. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, बरोबर पावणेबाराला, राज्यभर वाजवतात. आजूबाजूच्या एकाही माणसाने मान वर केली नाही. कोंबड्यांनी मात्र साथ दिली.

दिवस तिसरा, मंगळवार

दक्षिणेला पोईपू. इथे मोठमोठी रिसॉर्टं आहेत आणि त्यांच्या मधोमध काउंटीचं उद्यान. २००१ साली अमेरिकेतल्या सर्वोत्तम किनाऱ्यांच्या एका गाजलेल्या यादीत हा पहिला आला होता, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीन फेऱ्या. पण एकदा आत शिरलं की रिसॉर्टचा पाहुणा आणि आपण सारखेच. हवाईत लाटेचं पाणी जिथवर चढतं तिथवरचा किनारा सगळ्यांचा. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द पक्की केली : झाडोऱ्याची रेषा किंवा लाटेने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याची रेषा. कायद्यात कचऱ्याला एवढा मान मिळालेला मी पहिल्यांदाच बघितला. आमची सतरंजी एका बड्या हॉटेलच्या हिरवळीपासून दहा पावलांवर पसरलेली, तिच्यावर पुऱ्या, लोणचं, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

वाळूत काळपट ओंडका पडला होता. त्याच्याभोवती दोरी. ओंडक्याने जांभई दिली.

ती 'हवाईयन मंक सील' होती, हवाईपलीकडे जगात कुठे नसलेली. एकूण साधारण सोळाशे उरल्या आहेत. हवाईयन भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थ 'खवळलेल्या पाण्यात धावणारा कुत्रा'. पन्नास फूट लांब राहायचं, फोटोसाठी लाडीगोडी नाही. दोरीजवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवक बाई प्रत्येकाला तेच समजावत होत्या, न कंटाळता. चिकूने विचारलं, तिला पाण्यात का ढकलत नाहीत? बाई म्हणाल्या, ती रात्रभर मासे मारून दमलीये, तुझे बाबा दमल्यावर त्यांना ढकलतोस का? चिकूने प्रामाणिकपणे 'हो' सांगितलं.

उन्हाळ्यात दक्षिणेच्या किनाऱ्याला लाटा असतात, त्यामुळे मोठ्या बाजूला जीवरक्षकाने लाल बावटा लावलेला. छोट्या पोरांच्या खळग्यात मात्र पाणी निवांत. संध्याकाळी मजा वेगळीच. सूर्य कलला तशी एक एक करून हिरवी कासवं वाळूवर येऊ लागली. येतात म्हणजे काय, लाट ढकलते, कासव तिथेच थांबतं, दुसरी लाट ढकलते, मग दोन वल्ही मारतं, श्वास घेतं, परत थांबतं. सरकारी कचेरीतल्या फायलीचा वेग. अंधार पडेपर्यंत मी सव्वीस मोजली. ती अंडी घालायला आलेली नव्हती, नुसती झोपायला. आपल्याकडे वेळासला कासवांसाठी लोक पहाटे उठून जातात आणि चिमुकली पिल्लं समुद्राकडे धावताना बघतात. इथे त्यांच्या आजोबा-आजींचं वामकुक्षीगृह होतं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. पोईपूला, लिडगेटला, जिथे जिथे गेलो तिथे शौचालय होतं, अंगावरची वाळू धुवायला शॉवर होता. सगळीकडे चकाचक होतं असं नाही. एका ठिकाणी दाराला कडी नव्हती, मी बाहेर पहारा दिला. पण होतं, आणि चालू होतं. कोकणात आईला घेऊन किनाऱ्यावर जायचं तर आम्ही सकाळपासून चहा बंद करतो. बायका काय म्हणतेय ते समजतील. इथे आईने दुपारी चारला बिनधास्त दुसरा चहा मागितला.

दिवस चौथा, बुधवार

खरं तर आज बेटाच्या पश्चिमेला वैमेआची दरी बघायची होती. ती राहिली.

वाटेत हानापेपे गावापाशी सॉल्ट पॉंड नावाचं बीच पार्क आहे. तासभर थांबू, चिकू डुंबेल, पुढे निघू, असा बेत. दोन टोकांमध्ये खडकांची रांग आडवी येते आणि आत आपोआप संथ पाण्याचं तळं तयार होतं, त्यामुळे पोरांना उत्तम. नवरा आणि चिकू पाण्यात शिरले. आई झाडाखालच्या टेबलाशी बसली आणि दोन मिनिटांत उठून उभी राहिली.

"अगं, ते बघ. मिठागर."

उद्यानाला लागूनच कुंपण, आणि कुंपणापलीकडे तांबूस मातीत लंबगोल वाफे. काहींत पाणी चमकत होतं, काहींच्या कडेला पांढरी साय. मी गाडीतून उतरताना तिकडे पाहिलंही होतं, मला वाटलं चिखल आहे. आईला लांबूनच कळलं. तिचे वडील उरणला आगरात कामाला होते. तिचं बालपण त्या पांढऱ्या राशींच्या सावलीत गेलं, आणि आता तिथली बरीच आगरं भरावाखाली गेली आहेत.

आत जायला परवानगी नाही. हे वाफे हवाईयन कुटुंबांचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, आणि बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो. आत टोपी घातलेली एक वयस्क बाई वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसली होती आणि गुळगुळीत गोट्याने काळी माती घोटत होती. अंगण सारवल्यासारखं नाही, त्याहून हळू. एक फेर, मग तळव्याने चाचपणं, मग पुन्हा गोटा. जिथे भेग दिसेल तिथे ओली माती चिमटीने दाबायची.

"तुडवत नाहीत वाटतं," आई पुटपुटली. "आम्ही पायांनी तुडवायचो. सकाळी उन्हं चढायच्या आत. पायाला भेगा पडायच्या आणि त्यात मीठ जायचं." तिने नकळत एक पाय दुसऱ्या पायावर घासला.

ती बाई थोड्या वेळाने उठून कुंपणाशी आली. माझी आई एवढी टक लावून बघतेय म्हणून असेल. इथे वयाने मोठ्या कुणालाही 'आंटी' म्हणतात, ओळख असो-नसो. आपल्या काकूसारखंच. मी सांगितलं, आंटी, माझ्या आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं, भारतात. पुढचा अर्धा तास मी फक्त दुभाषी होते, आणि तीही अर्धवट, कारण दोघी हातांनी बोलत होत्या.

इथली रीत अशी. उन्हाळा लागला की विहिरी साफ करायच्या. विहिरीत जमिनीखालून झिरपून येणारं पाणी समुद्राहून खारट. ते उपसून आधी एका साठवणीच्या वाफ्यात मुरू द्यायचं, आणि दाट झालं की सुकवायच्या वाफ्यात घ्यायचं. साठवणीच्या वाफ्याला 'वाइकू', सुकवायच्या वाफ्याला 'लोई'. ऊन आणि वारा बाकीचं काम करतात. थरावर थर चढतो. वरचं मीठ पांढरं, जेवणातलं. मधलं गुलाबीसर. तळाचं तांबडं, मातीचं, ते पूजाविधीला आणि औषधाला. मध्येच पाऊस आला तर सगळं विरघळून पुन्हा पहिल्यापासून.

"पाऊस आला की आम्हीपण घरी," आई म्हणाली. "फक्त आमच्याकडे मे संपला की संपलं. आमचा मुकादम आभाळाकडे बघून शिव्या घालायचा." हे मी आंटीला भाषांतर करून सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं, ती हसली.

मग आईने विचारलं, किलोला काय भाव?

आंटी म्हणाली, भाव नाही. हे मीठ विकायचं नसतं. द्यायचं, किंवा माशाच्या, फळाच्या बदल्यात घ्यायचं. विकलं तर वाफा रुसतो असं काही नाही तिचं, नुसतं इतकंच की आजीने विकलं नाही, आईने विकलं नाही. आईला हे पचेना. तिच्या वडिलांनी काढलेलं मीठ दुसऱ्याच्या मालकीचं होतं, सरकार त्यावर बसलेलं होतं. शिरोड्याला १९३० साली लोकांनी मिठासाठीच लाठ्या खाल्ल्या. मिठाला भाव नाही म्हणजे काय? तिने मला दोनदा विचारायला लावलं, भाषांतरात चूक झाली असेल म्हणून.

आंटी ट्रककडे गेली आणि मूठभर मीठ एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली. गुलाबीसर, जाडं. आईने गाडीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा उरलेला डबा आणवला आणि डब्यासकट कुंपणावरून दिला. स्टीलचा डबा, झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेला. गेला तो हानापेपेला.

सध्या हे वाफे अडचणीत आहेत. समुद्राची पातळी वाढतेय, भरतीचं आणि पुराचं पाणी आत शिरतं, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडांवरून गाड्या गेल्या की तो बांध खचतो. काही वर्षं तर मीठ धरलंच नाही. उद्यानात येणाऱ्यांनी वाळूवर गाडी घालू नये, एवढी साधी गोष्ट आहे.

नवरा पाण्यातून बाहेर येऊन म्हणाला, निघायचं ना वैमेआला? आईने जावयाकडे असं पाहिलं की तो पुन्हा पाण्यात गेला.

दिवस पाचवा, गुरुवार

उत्तरेकडे. हानालेईच्या अलीकडे रस्ता वळतो आणि खाली दरीत हिरवेगार चौकोन दिसतात. आई : "अळू!" अळूच. इथे त्याला 'कालो' म्हणतात, कंद शिजवून कुटून 'पोई' करतात, आणि ज्या पाणथळ वाफ्यात ते लावतात त्याला म्हणतात 'लोई'. काल मिठाच्या वाफ्यालाही तोच शब्द. आई म्हणाली, त्यात काय, आपणही मिठाला आणि भाजीला वाफाच म्हणतो की. मी या योगायोगावर मोठं काहीतरी लिहायच्या विचारात होते, तो तिने एका वाक्यात निकालात काढला.

पुढचे पूल एकेरी. १९१२ चा लोखंडी पूल पहिला. रीत अशी की एका बाजूच्या पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या, मग दुसऱ्या बाजूने. ना सिग्नल, ना पोलीस. नवऱ्याने पुण्याच्या सवयीने आठव्या गाडीमागे नाक घातलं. समोरच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही, हात हलवून हसला फक्त. नवरा पुढचे सगळे पूल फार सभ्यपणे ओलांडत होता.

हाएनाच्या शेवटच्या टोकाला राज्य सरकारचं उद्यान आहे, तिथे दिवसाला नऊशेच पाहुणे सोडतात आणि आरक्षण आधी लागतं. ते करायचं माझ्याकडे होतं. मी विसरले. गाडीत थोडा वेळ शांतता होती. मग अलीकडच्या काउंटीच्या हाएना बीच पार्कवर थांबलो, जिथे आरक्षण लागत नाही. रस्त्यापलीकडे मानिनिहोलो नावाची रुंद कोरडी गुहा, समोर समुद्र, मागे सरळसोट हिरवे कडे. चिकू गुहेत ओरडून प्रतिध्वनी काढत बसला. विसरल्याचं कुणाला फार दुःख झालं नाही, मला सोडून.

नऊशेची मर्यादा अमलात आली ती पुरानंतर. एप्रिल २०१८ मध्ये इथल्या वाइपाला २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस झाला, म्हणजे १,२६० मिलिमीटरच्या वर. अमेरिकेतला विक्रम. दरडी कोसळल्या, रस्ता वर्षाहून जास्त काळ बाहेरच्यांना बंद राहिला. सव्वीस जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ पडला होता आणि नवरा त्या रात्री कलिन्याला बसच्या टपावर होता. आकडा ऐकून तो बराच वेळ कड्यांकडे बघत राहिला.

परतताना हानालेईच्या धक्क्यावर, ब्लॅक पॉट बीच पार्कला. पूर्वी इथे कोळी लोकांचं एक मोठं काळं लोखंडी भांडं असायचं, जाळं ओढलं की त्यात सगळ्यांचं जेवण शिजायचं, त्यावरून नाव. आज माणसं गाड्या थेट वाळूवर लावून खुर्च्या मांडून बसली होती, पोरं धक्क्याच्या टोकावरून उड्या मारत होती. उन्हाळ्यात हा उपसागर तळ्यासारखा असतो. हिवाळ्यात याच ठिकाणी घरभर उंचीच्या लाटा येतात म्हणे, खरं वाटत नाही.

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. आईने झाडाखाली पडलेला एक नारळ उचलला, शॉवरखाली धुतला, पदराने पुसला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला. दोन मिनिटांनी लाटेने तो परत आणला. एका हवाईयन पोराला वाटलं आजीचा नारळ वाहून गेला होता, त्याने तो पळत आणून तिच्या हातात दिला. आईने पुन्हा सोडला. पोराने पुन्हा आणला. तिसऱ्या वेळी आईने त्याचे दोन्ही हात धरले, त्याच्या हातांनीच सोडला, आणि मग तो पोरगा लाटेला नारळ मागे ढकलत उभा राहिला.

दिवस सहावा, शुक्रवार

दुपारचं विमान. सकाळी पुन्हा लिडगेट, कारण चिकूचे मासे मोजायचे राहिले होते. तळ्यात रात्री नदीने ओंडके आणून टाकलेले, दोन कामगार ते ओढून बाहेर काढत होते. आई दगडावर. शॉवरखाली वाळू धुताना चिकूने सगळ्या कुटुंबाला भिजवलं.

विमानतळावर मुख्य भूमीकडे जाणाऱ्या सामानाची शेतकी तपासणी होते, फळं आणि माती जाऊ नये म्हणून. यंत्राशी बसलेल्या माणसाने आईची पिशवी बाजूला काढली. आतून मिठाची पुडी निघाली. त्याने ती उजेडात धरली, तांबूस रंग बघितला.

"हानापेपे?"

आईने मान डोलावली. त्याने पुडी दोन्ही हातांनी परत दिली, आणि मला विचारलं, कुणी दिलं? मी सांगितलं, आंटीने. कोणत्या, ते त्याने विचारलं नाही.

"डबा विचार," आई मागून म्हणाली, "ओळखत असेल तर डबा परत मागू नको म्हणावं."